रेषेच्या अलीकडे थांबणारी गाडी

एका जंगलात, मुलांनो, एकही पायवाट उरली नव्हती. सगळ्यांनी गाड्या घेतल्या होत्या आणि सगळ्या पायवाटांचे रस्ते झाले होते. ससेसुद्धा गाडीनेच जात. उड्या मारायच्या तर ते रविवारी मारत, तब्येतीसाठी.

गाड्या झाल्या तशा त्या जुन्याही झाल्या. मग राजाने नियम केला. गाडीला पंधरा वर्षे झाली की दर वर्षी तिची परीक्षा. पास झाली तर काचेवर लावायला हिरवे प्रमाणपत्र. नापास झाली तर तिच्यावर हत्ती बसेल. बसून उठला की काम झाले.

त्या जंगलात द्वारकाबाई साळिंदर राहत होत्या. त्यांचे यजमान रघुनाथराव माघात वारले. मागे राहिली एक निळी गाडी. तिला या वर्षी पंधरा पूर्ण झाली.

रघुनाथरावांचे निम्मे आयुष्य त्या गाडीखाली गेले. दर शनिवारी ते पोते अंथरून तिच्याखाली शिरत आणि जेवायला हाक मारली की तेल लागलेले हात घेऊन बाहेर येत. ब्रेक तर ते दर सहा महिन्यांनी स्वतः उघडून बघत. त्यांच्या काट्यांनी चालकाच्या गादीला भोके पडली होती. द्वारकाबाई गाडी चालवायला बसत, तेव्हा त्या भोकांवर टेकत नसत. जरा पुढे सरकून बसत.

ही गाडी राहावी, एवढेच त्यांना हवे होते. बाकी पुष्कळ गोष्टी राहिल्या नव्हत्या.

परीक्षेच्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. मैदानाच्या फाटकाशी उदमांजराचे गॅरेज होते. उदमांजर हात पुसत पुढे आला.

"वहिनी, थांबा. ब्रेक बदलून घ्या."

"कशाला? चांगले आहेत."

"चांगले आहेत हाच तर घोळ आहे. परीक्षेचे ब्रेक वेगळे असतात. माझ्याकडे आहेत. अख्खं जंगल तेच लावून पास होतं. पाच मिनिटांत लावतो, परीक्षा झाली की काढून घेतो."

त्याने फळीवरून एक जोडी काढून दाखवली. झिजून झिजून ती पापडासारखी झाली होती. ती कुठल्याही गाडीला बसे, कारण नीट अशी ती कुठल्याच गाडीला बसत नसे.

"ह्यांनी दर शिमग्याला, दर दिवाळीला हात लावलेले ब्रेक आहेत ते," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी नाही काढू देणार."

"भाऊंचा हात मला माहीत आहे वहिनी. म्हणून तर काळजी वाटते," उदमांजर म्हणाला. पण त्याने वाट सोडली.

मैदानात परीक्षक म्हणून कासवसाहेब बसले होते. वेग म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून त्यांना निःपक्षपाती समजत. परीक्षा सोपी होती. गाडीने जोरात यायचे. वारुळापाशी पोहोचले की खांबावरची टिटवी ओरडे, "दाब." ओरडताक्षणी ब्रेक दाबायचा. गाडी चुन्याच्या रेषेवर थांबली की पास.

पहिल्या वर्षी ती रेषा वारुळापासून दहा पावलांवर होती. पण परीक्षेचे ब्रेक दर वर्षी थोडे झिजत, आणि दर वर्षी झाडून सगळ्या गाड्या आदल्या वर्षापेक्षा थोड्या पुढे जाऊन थांबत. कासवसाहेबांनी विचार केला. सगळेच एका ठिकाणी थांबतात, म्हणजे सगळे चुकत असणे शक्य नाही. चुकत असेल तर रेषा. मग ते रेषा पुढे नेत. रेषेपाठोपाठ त्यांचे टेबल मागे सरके. यंदा रेषा चाळीस पावलांवर गेली होती आणि टेबलाचे मागचे दोन पाय तळ्यात होते.

कडेला हत्ती उभा होता. अकरा वर्षांत त्याला एकदाही बसायला मिळाले नव्हते. तरी तो रोज वेळेवर येई.

द्वारकाबाईंनी गाडी जोरात सोडली. टिटवी ओरडली. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी दहा पावलांवर, एकही गचका न देता, उभी राहिली.

रांगेतल्या एका रानडुकराने मान वळवली.

कासवसाहेब टेबलाकडून चालत निघाले. ते गाडीपाशी पोहोचेपर्यंत द्वारकाबाईंनी चष्मा दोनदा पुसला.

"बाई, गाडीत दोष आहे. फार लवकर थांबते."

"ब्रेक दाबल्यावर थांबली, साहेब."

"तेच म्हणतोय. तुमच्या मागून येणारा कुठे थांबणार? चाळीस पावलांवर. तुम्ही दहावर उभ्या. म्हणजे तो येणार तुमच्या डिकीत. अपघात कोणामुळे झाला?"

"त्याचे ब्रेक लागत नाहीत त्यामुळे."

"त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे बाई. तुमच्याकडे नाही."

द्वारकाबाईंनी वळून रांगेतल्या गाड्यांकडे पाहिले.

"आमची परीक्षा विश्वासाची आहे," कासवसाहेब जरा मऊ आवाजात म्हणाले. "कोणीही येवो, कुठलीही गाडी आणो, निकाल एकच. अकरा वर्षांत फरक नाही. आज तुमच्यामुळे फरक पडतोय."

हत्ती दोन पावले पुढे आला होता आणि सोंडेने गाडीच्या टपावरची धूळ झाडत होता.

"थांब रे," कासवसाहेब म्हणाले. "एक संधी आणखी असते. दुपारी या बाई. आणि जगासारख्या या."

द्वारकाबाई हत्तीकडे बघत राहिल्या. तो वाईट नव्हता. फक्त फार मोठा होता. त्यांनी गाडी वळवली आणि गॅरेजसमोर उभी केली.

"लावा," त्या म्हणाल्या.

उदमांजराने पोते अंथरले आणि तो गाडीखाली शिरला. बाहेर नुसते पाय दिसत होते. द्वारकाबाई पाठ फिरवून झाडाकडे बघत बसल्या. काढलेले ब्रेक त्याने फडक्यात गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवले.

"नवे आहेत अगदी," तो म्हणाला.

"हं."

दुपारी गाडी पुन्हा आली. टिटवी ओरडली, "दाब." द्वारकाबाईंनी दाबला.

पण त्या दिवशी परीक्षेचे ब्रेक सकाळपासून बावीस गाड्यांना लागून आले होते. ते तेविसाव्यांदा लागलेच नाहीत. गाडी दहा पावलांवरून गेली. चाळीस पावलांवरून गेली. टेबलावरून गेली. कासवसाहेबांनी डोके आत घेतले, ते त्यांच्या ओळखीचे काम होते. मग निळी गाडी तळ्यात शिरली, आणि नुसता टप वर राहिला.

द्वारकाबाई खिडकीतून बाहेर आल्या. काट्यांना शेवाळ लागले होते आणि एका काट्यावर बेडूक बसला होता. फडक्यातले ब्रेक त्यांच्या हातात होते. काठावर त्या उभ्या राहिल्या. हत्तीने हातपाय ताणून घेतले.

कासवसाहेबांनी डोके बाहेर काढले.

"ब्रेक कुठले?"

"परीक्षेचे, साहेब," उदमांजर म्हणाला.

"म्हणजे ब्रेक बरोबर आहेत. मग रेषा चुकली."

ते सावकाश पाण्यात उतरले. बुडी मारली. बऱ्याच वेळाने वर आले आणि टिटवीला लिहून घ्यायला सांगितले, "रेषा तळ्यात, गाडीच्या पुढच्या चाकांखाली. पाण्यात चुना टिकत नाही. तरी रेषा तिथे आहे असे समजावे. गाडी रेषेवर थांबली. पास."

रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. रानडुकराने तर द्वारकाबाईंना वाकून नमस्कार केला, आणि मग आपल्या गाडीच्या काचा वर घेतल्या.

"वहिनी, पास झालात," उदमांजर हळूच म्हणाला.

"आता ती चालेल का?"

"चालायची नाही. इंजिनात मासे गेलेत. पण हात कोणी लावणार नाही तिला."

गाडी घरापर्यंत ओढायचे काम हत्तीवर आले. तो दोर गळ्यात घेऊन पुढे, द्वारकाबाई बाजूने चालत. खूप वर्षांनी त्या चालत होत्या.

"मी बसलो असतो तर एका मिनिटाचं काम होतं वहिनी," हत्ती म्हणाला.

"माहीत आहे."

"तुम्हाला काही कळलंही नसतं."

"कळलं असतं," द्वारकाबाई म्हणाल्या.

चढावर हत्तीने गाडीला गचका बसू नये म्हणून दोर आखूड धरला.

दारात शेजारची सशीण उभी होती. "काय हो, झाली का पास?"

"झाली."

"मग ओढत का आणलीत?"

द्वारकाबाईंनी गाडी अंगणात लावून घेतली. पुढची काच फुटली होती, तेव्हा प्रमाणपत्र लावायला जागा नव्हती. त्यांनी ते उन्हात वाळत घातले आणि वर दगड ठेवला. मग त्या गाडीत जाऊन बसल्या. गादी ओली होती. या वेळी त्या पुढे सरकल्या नाहीत. मागे टेकून बसल्या, आणि सशीण दोनदा चहाला हाक मारून गेली तरी उठल्या नाहीत.

तात्पर्य : मुलांनो, चांगले ब्रेक फडक्यात गुंडाळून घरी ठेवावेत आणि रस्त्यावर सगळ्यांचे असतील तेच लावावेत. म्हणजे आपण कुठेही जाऊन पडलो तरी रेषा आपल्यापाठोपाठ तिथे येते.