मेश्राम मुकादमांचा कॉशन

मेश्राम मुकादम कुणाच्याही घरी गेले, की चहाच्या आधी त्या घराची फरशी हातोडीनं वाजवून बघत. हातोडीचा दांडा चांगला लांब, त्यामुळे वाकायची गरज नसे. आवाज ‘ठण्ण’ आला तर मान डोलवायची. ‘ढप्प’ आला, की घरमालकाकडे गुन्हेगारासारखं बघायचं. मग निकाल : “ढिली हाय गा. कॉशन लागला!”

सारी नोकरी त्यांनी रेल्वेच्या रुळांवर काढली होती. रूळ खराब असला की गाडी हळू न्यायचा हुकूम निघतो, तो कॉशन. रिटायर होऊन ते नागपुरात अजनीजवळच्या आमच्या मोहल्ल्यात राहायला आले आणि रुळांची हौस आमच्या घरांवर भागवू लागले. म्हातारं माणूस घरात पडता कामा नये, एवढाच ध्यास.

“वैनी, गाडी घसरली तं क्रेन येते. तुमी घसरल्या तं कोन येईन?” असं ते माझ्या आईला तोंडावर विचारत. आई पासष्टची, पण म्हातारी म्हटलेलं तिला खपत नसे.

त्यांनी आमच्या न्हाणीत तरट अंथरलं. साबणाला भोक पाडून तो सुतळीनं खिळ्याला बांधला. “सुटा साबन म्हनजे अपघात!” अंघोळ करताना मला त्या साबणामागे भिंतीपर्यंत जावं लागे. पायऱ्यांच्या कडांना त्यांनी चुना फासला, तर आईनं कावळ्यांना शिव्या देत तो घासून काढला. मुकादमांनी पुन्हा फासला. हा सामना आठवडाभर चालला. शेवटी कावळे निर्दोष सुटले.

कहर म्हणजे दोरी. काथ्याची, कमरेएवढ्या उंचीवर, फाटकापासून थेट ओसरीपर्यंत. पायरी आली की दोरीला गाठ. आधी फक्त साठीच्या माणसांच्या घरी बांधत, मग ती अटही गेली. नव्या लग्नाच्या जोडप्याच्या अंगणात दोरी दिसली तेव्हा मी वैतागलो. “मुकादम, यांना म्हातारं व्हायला अजून चाळीस वर्षं आहेत!”

“मंग? त्याइच्या घरी येनारं-जानारं कोनी असते का नाई?”

या माणसापुढे बोलण्यात अर्थ नाही, असं माझं मत पक्कं झालं.

मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्याकडे पापड होते. मुकादमांच्या पत्नी शांताकाकू यायच्या होत्या. त्यांच्याइतका पातळ पापड मोहल्ल्यात कुणी लाटत नसे. वाळवणाची खाट अंगणात न्यायची म्हणून आईनं संधी साधली आणि दोरी सोडून टाकली. मी ओसरीवर पेपर वाचत होतो.

काकू फाटकातून आत आल्या आणि थांबल्या. त्यांचा डावा हात बाजूला गेला, हवेत फिरला.

“काहून उभी राह्यली वं? ये नं!” आई म्हणाली.

“येऊन राह्यली,” काकू हसल्या. पण पाय उचलेना. हात अजून दोरी शोधत होता.

मी पेपर खाली ठेवला. माझ्या सगळ्या थट्टेची मला मनापासून लाज वाटली.

आई धावत जाऊन त्यांचा हात धरू लागली. “हात नको धरू,” काकू पुटपुटल्या. “समोरच्या बाया पाहून राह्यल्या असतीन.”

आईनं खाली पडलेली दोरी उचलली, एक टोक काकूंच्या हातात दिलं, दुसरं स्वतः घेतलं आणि साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं म्हणाली, “शांते, दोरी धर बरं जराशी! बांधाची हाय!” अशा दोघी ओसरीपर्यंत आल्या.

पोळपाटाशी बसल्यावर आईनं हळूच विचारलं, “मोहल्लाभर दोऱ्या तुह्यासाठीच का वं?”

“एकट्या आमच्या घरी बांधली असती तं लोकाइनं माही कीव केली असती. म्हनून साऱ्याइच्याच घरी बांधल्या.” काकूंचं लाटणं सफाईनं फिरत होतं.

“किती दिसते तुले?”

“आता काईच नाई.”

“मुकादमाले सांगतलं?”

“नाई वं. त्याइले वाटते, एका डोळ्यानं थोडं दिसते. रोज सकाळी पुसतेत, शांते, आज मी कोन्त्या रंगाचा सदरा घातला? मी म्हनते, पांढरा. खूस होतेत बिचारे.” काकूंनी पापड बोटांनी चाचपून उलटा केला. “त्याइच्यापाशी दुसरा रंगच नाई.”