दोन मंडळं, एक दात

माणसाला दोन कान असतात, दोन डोळे असतात, नाकपुड्याही दोन असतात. अर्जात मात्र रकाना एकच असतो. यात चूक माणसाची आहे. अर्ज केव्हाच छापून झालेले आहेत आणि माणसं अजून जन्माला येताहेत, तेव्हा बदलायचं कोणी हे उघड आहे.

नीट समजावं म्हणून एका ट्रम्पेटवाल्याचं उदाहरण घेऊ. ट्रम्पेट म्हणजे पितळेचं वळवलेलं नळकांडं. त्याच्या एका टोकाला ओठांवर टेकवायची लहानशी वाटी असते आणि दुसऱ्या टोकाला शेजारी असतात. वाटी ओठांवर टेकते, ओठ दातांवर टेकतात, आणि दात हिरड्यांत घट्ट असतील असं गृहीत धरलेलं असतं.

या ट्रम्पेटवाल्याचं वय त्रेचाळीस. गल्लीत त्याला पिपाणी म्हणत. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून तो वीस वर्षं कपड्यांच्या कपाटात ट्रम्पेटचं तोंड खुपसून सराव करत आला होता: सकाळी जॅझ, संध्याकाळी हिप हॉप. त्याच्या आईच्या लोकरी कोटाने जेवढं संगीत ऐकलं, तेवढं त्या शहरात दुसऱ्या कोणी ऐकलेलं नव्हतं. (कोटाला पुढे कसर लागली. तिचा संगीताशी संबंध सिद्ध झालेला नाही.)

एके दिवशी पिपाणीचा वरचा पुढचा दात हलू लागला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तो दोन बोटांत धरून दाराच्या कडीसारखा हलवून पाहिला.

"किती दिवस?" बाईंची बोटं तोंडात असताना जमेल तसं त्याने विचारलं.

"सहा आठवडे. मग काढायचाच. त्यानंतर वर्षभर फुंकर नाही, गरम चहावरसुद्धा नाही. पुन्हा वाजवता येईल का म्हणाल, तर ते मी लिहून देणार नाही."

पिपाणी घरी आला आणि त्याने कपाट उघडलं. सहा आठवड्यांत एकदा, फक्त एकदा, शहराच्या मोठ्या सभागृहात, कोट सोडून दुसऱ्या कोणासमोर, आपलं दोन्ही वाजवायचं, असं त्याने ठरवलं. इच्छा साधी होती. साध्या इच्छांसाठीच तर कार्यालयं असतात.

सभागृहात वाजवायला मंडळाची नोंदणी लागे. मंडळं दोन, जॅझचं आणि हिप हॉपचं. दोन्ही एकाच इमारतीत, एकाच जिन्याच्या डाव्या-उजव्या हाताला, आणि दोघांना मिळून कारकून एकच. तो डावीकडे गोल काळी टोपी घालून बसे आणि उजवीकडे तीच काढून दुसरी उलटी घाले. "माझ्या डोक्याकडे बघून बोला," एवढंच त्याचं लोकांना सांगणं असे.

जॅझमध्ये वादक ऐन वेळी सुचेल ते वाजवतो. हीच त्या कलेची थोरवी. म्हणून ऐन वेळी आपल्याला काय सुचणार आहे, ते वादकाने दहा दिवस आधी तीन प्रतींत लिहून द्यायचं असतं. पिपाणीने दिलं. मंडळाचे सात ज्येष्ठ सदस्य त्याच्या बुटांकडे बघत बसले.

"तिसऱ्या पानावर खाडाखोड दिसते," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे तुम्ही विचार बदलता."

"हो, कधी कधी."

"आणि ते दुसरंही वाजवता म्हणे?"

"संध्याकाळी वाजवतो."

एका सदस्याने आपला कप त्याच्यापासून लांब सरकवला.

"वाजवून दाखवू का?" पिपाणीने विचारलं.

"त्याची गरज नाही. आम्ही तीस वर्षं या क्षेत्रात आहोत."

हिप हॉप मंडळाची गोष्ट वेगळी. ते मंडळ कुठलाही नियम मानत नाही. (त्याची नियमावली बासष्ट पानांची आहे.) तिथे अर्जासोबत बालपणीच्या हालअपेष्टांचा दाखला लागतो, आई किंवा वडिलांच्या सहीचा. पिपाणी आईकडे गेला.

"आई, माझं बालपण हालात गेलं, एवढं लिहून दे."

आईने भाजी निवडता निवडता मान वर केली. "कुणाचं बालपण?"

"माझं गं."

"सहा वर्षांचा घोडा झालास तरी मी तुला भरवत होते. सायकल घेऊन दिली, तीही घंटेची! हाल झाले ते माझ्या कोटाचे. देऊ का कोटाचं लिहून?"

"अगं, नुसती सही कर."

आईने चष्मा लावला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'मुलाचे लहानपणी कसलेही हाल झाले नाहीत. आता सुरू आहेत.' मंडळाने हा दाखला परत केला. हाल होते, पण वय चुकलं होतं.

मंडळाचे अध्यक्ष पन्नाशीचे होते आणि त्यांना ज्वालामुखी म्हणत. "भावा, शर्टाला इस्त्री?" एवढाच प्रश्न त्यांनी विचारला.

"वाजवून दाखवू का?"

"कशाला? दिसतंय की."

त्या वर्षी दोन्ही मंडळांनी मिळून चारशे बारा अर्ज निकाली काढले. त्यांपैकी वादन ऐकून निकाली काढलेले शून्य. (टक्केवारी काढायचं काम चालू आहे.)

दोन्ही अर्ज नामंजूर झाले आणि चार आठवडे असे गेले. दात आता बोलतानाही हलू लागला. जिन्यात कारकून डबा खात बसला होता आणि त्याच्या डोक्यावर कुठलीच टोपी नव्हती. पिपाणीने बोलायची संधी साधली.

"साहेब, मी करू काय?"

"दोन माणसं व्हा," कारकून पोळी मोडत म्हणाला. "एक माणूस दोन रकान्यांत बसत नाही. दोन माणसं आरामात बसतात. एका फोटोत भांग डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे."

त्याप्रमाणे दोन अर्ज गेले. पहिल्यात खाडाखोड नव्हती. दुसऱ्याला हालांचा दाखला म्हणून डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी जोडली होती. तीत बालपणाचा उल्लेख नव्हता, पण लाल शाई होती, आणि ती पाहून ज्वालामुखी हेलावले. दोन्ही अर्ज मंजूर झाले. सभागृहाने रविवारी दुपारी चारची वेळ दिली. पूर्वार्ध एकाला, उत्तरार्ध दुसऱ्याला.

शुक्रवारी सभागृहाच्या व्यवस्थापकांच्या लक्षात आलं की दोन्ही वादकांचा पत्ता एक आहे आणि आईही एक आहे. लगेच संयुक्त चौकशी समिती बसली आणि आईला बोलावणं गेलं.

"बाई, तुम्हाला मुलगे किती?"

"एकच. आणि त्याच्याच वेळी जीव जायची पाळी आली होती!"

"नीट आठवा. दोन नाहीत ना?"

"झाला एकच. जेवतो मात्र दोघांचं."

इतिवृत्तात नोंद झाली: 'मातेने दोघांच्या अस्तित्वास दुजोरा दिला. प्रसूतीच्या वेळी बरीच गर्दी झाल्याचे दिसते.' कार्यक्रमाला अंतिम परवानगी मिळाली.

रविवारी सभागृह भरलं. डाव्या अंगाला जॅझवाले, उजव्या अंगाला हिप हॉपवाले. पिपाणी डावीकडे भांग पाडून आला आणि वाजवू लागला. डावीकडच्यांनी नियमाप्रमाणे डोळे मिटले. उजवीकडचे आपला वादक यायची वाट पाहत हाताची घडी घालून बसले.

मध्यंतराला आत जाऊन भांग बदलायचा होता. तो विसरला. वीस वर्षं कपाटात जे वेगवेगळं ठेवलं होतं, ते सगळं एकत्र बाहेर येऊ लागलं आणि तो सलग एक तास दहा मिनिटं थांबला नाही. सभागृहात भलताच पेच उभा राहिला. डावीकडे एकेक डोळा उघडू लागला. उजवीकडे काही हात वर गेले आणि अर्ध्यातच थांबले. आता माना हलवायच्या, उठून उभं राहायचं की निषेध करायचा, हे कोणालाच कळेना. शेवटी सगळ्यांनी वळून कारकुनाच्या डोक्याकडे पाहिलं. कारकून बोडका आला होता. तो पुढे झुकून ऐकत बसला होता. बहुधा सुट्टीचा दिवस म्हणून.

जॅझ मंडळाने अहवाल दिला: 'पहिला वादक उत्तम, दुसऱ्याने विचका केला.' हिप हॉप मंडळाने दिला: 'दुसरा जबरदस्त, पहिल्याने वेळ खाल्ला.' वर्तमानपत्राने मध्यम मार्ग काढला: 'दोघा भावांत थोरला सरस.' घरोघरी दोन तट पडले. एका घरात साखरपुडा मोडायला आला होता, पण दोन्ही पक्षांना त्या दिवशी आपण सभागृहात गेलोच नव्हतो हे आठवलं आणि निभावलं.

सोमवारी सकाळी दात काढला.

"काय, कसं झालं मग कालचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

पिपाणी बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. हातवारेही केले. सगळं कापसात गेलं. बाई म्हणाल्या, "छान, छान," आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

आता उजळणी करू. ट्रम्पेटवाल्याचं वय, त्याचा भांग, कारकुनाच्या टोप्या, आईची साक्ष, यांतलं काहीही विचारलं तरी तुम्ही न अडखळता सांगाल, याची खात्री आहे. मात्र तो वाजवतो कसा, हे इथवर एकदाही सांगितलेलं नाही, आणि तुम्हालाही ते विचारावंसं वाटलं नाही. (संकोच करू नका. दोन्ही मंडळांत परीक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत.)