कारखानिसांच्या जागी सात जण

बोरसेंच्या घरातल्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम नऊ वर्षं त्यांच्याकडे कामाला होती आणि तिचं नाव उपेंद्र कारखानीस होतं. धुळ्यात देवपूरला आमच्या इमारतीत बहुतेकांकडे त्याच कंपनीची माणसं होती. माझ्याकडेही एक गृहस्थ होते, पण ते जरा सावकाश होते आणि त्यांना खोकला होता.

कारखानीस सकाळी आठला येत. अंगात इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, हातात कुलूप लावलेली पेटी. कॉम्प्युटरशेजारच्या खुर्चीत ते बसत. कोणी बटण दाबलं की पेटीचं झाकण स्वतःकडे वळवून उघडत, आत काहीतरी करत, आणि पडद्यावर काम होई. पेटीत काय आहे हे विचारायचं नाही, असं कराराच्या पहिल्याच पानावर होतं. कधीकधी ऐन कामात ते हात वर करून सांगत, "आता मला वीस मिनिटं लागतील. कृपया वीज बंद करू नका." मग डोळे मिटून बसत. घरातले तोवर भाजी निवडून घेत.

पितांबर बोरसे भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. तेहतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी मोजल्या. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून त्या रोज दुपारी तीन ते पाच कॉम्प्युटरवर काहीतरी लिहीत. काय लिहितेस, असं बोरसेंनी एकदा विचारलं होतं. "झालं की सांगेन," असं त्या म्हणाल्या. त्याला चार वर्षं झाली.

बोरसेंना या लिखाणाचं फारसं काही वाटत नव्हतं. पण गेल्या उन्हाळ्यात ते पाणी प्यायला उठले असताना कुमुदिनीबाई लिहीत होत्या, आणि शेजारी कारखानीस गालातल्या गालात हसले.

संध्याकाळी कुमुदिनीबाई बाजारात गेल्यावर बोरसे कारखानिसांसमोर जाऊन उभे राहिले.

"तुम्ही दुपारी हसलात," ते म्हणाले.

"हसणं करारात नाही," कारखानीस म्हणाले.

"मी पाहिलं."

"मग ते माझं खासगी हसणं असेल."

"ती काय लिहिते?"

"पासवर्ड सांगा."

"माझी बायको आहे ती. एकोणचाळीस वर्षं झाली लग्नाला."

कारखानिसांनी पेटीत पाहिलं आणि झाकण मिटलं. "हा पासवर्ड नाही," ते म्हणाले.

त्या दिवसापासून बोरसेंचं जेवणावरचं लक्ष उडालं. मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "एक परका माणूस माझ्या घरात बसून माझ्या बायकोचं सगळं वाचतो आणि मला ते माहीत नाही. तो गोराही आहे." बोरसे स्वतः सावळे आहेत. मी म्हटलं, सिस्टिमला वाचावंच लागतं, त्याशिवाय अक्षर पडद्यावर कसं जाणार. ते म्हणाले, "वाचू दे. पण हसायचं कशाला?"

दुपारी तीन वाजले की ते वर्तमानपत्र घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीतच बसू लागले. कारखानीस पुन्हा हसले नाहीत. बोरसेंच्या मते हे जास्त संशयास्पद होतं.

पावसाळ्यानंतर कंपनीचं पत्र आलं. कारखानिसांची सेवा ऑक्टोबरअखेर संपत होती. त्यांच्या जागी नवे गृहस्थ मिळतील, मात्र त्यांची उंची सहा फूट चार इंच असल्याने सध्याची खुर्ची, टेबल आणि खोलीचं दार बदलून घ्यावं, असं पत्रात होतं. त्याच आठवड्यात दारातून कोणीतरी एक पत्रक सरकवलं. त्यात दुसऱ्या प्रकारच्या सिस्टिमची माहिती होती. ही कोणा कंपनीची नव्हती. ज्यांना आवड आहे अशी माणसं एकत्र येऊन ती चालवत. पत्रकाच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: आमचं सगळं उघडं आहे. कोणीही यावं, पाहावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी.

बोरसेंनी ते पत्रक दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

जेवताना ते म्हणाले, "दार बदलण्यापेक्षा सिस्टिम बदलू. ही उघडी असते म्हणे."

"तुम्हाला कधीपासून आवड या गोष्टींची?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"माणसाला आपल्या घरात काय चाललंय ते कळलं पाहिजे."

"घ्या मग," त्या म्हणाल्या. "मला लिहिता आलं म्हणजे झालं."

निरोपाच्या दिवशी साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं. कारखानिसांनी कुमुदिनीबाईंचं सगळं लिखाण एका जाड पाकिटात घालून त्यावर लाख लावली होती. त्यांनी ते थेट बाईंच्या हातात दिलं. बोरसेंनी मध्येच हात पुढे केला होता, तो त्यांनी तसाच डोक्यावरून फिरवला. मी सही केली. बोरसेंनी सही केली. कारखानीस चपला घालता घालता वळले आणि कुमुदिनीबाईंना म्हणाले, "बाई, शेवटच्या प्रकरणाला घाई करू नका. छान चाललंय."

ते जिना उतरून गेले. बोरसे माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "प्रकरण म्हणाला. ऐकलंत ना तुम्ही?"

मी म्हटलं, पुस्तकातही प्रकरणं असतात.

"पुस्तकातही," बोरसे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवी सिस्टिम आली. ती सात जणांची होती. कोणी केरळातून आलं होतं, कोणी मालेगावहून. त्यांच्या प्रमुख लातूरच्या भागीरथी सोनटक्के होत्या. त्यांचं तिकडे औषधाचं दुकान होतं आणि हे काम त्या आवड म्हणून करत. सगळ्यांनी आपापले डबे आणले होते. ते जमिनीवर सतरंजी टाकून बसले, कुमुदिनीबाईंनी दिलेलं लाखेचं पाकीट ताब्यात घेतलं आणि कामाला लागले. कसलीही पेटी नव्हती. कुणी बटण दाबलं की एक जण दुसऱ्याला सांगे, दुसरा तिसऱ्याला, आणि सगळं मोठ्याने चाले. मधूनच त्यांच्यात वाद होई. वाद मिटेपर्यंत पडदा काळा राही.

बोरसेंनी दोन दिवस वही घेऊन पाहणी केली. माऊस हलला की बाण कोण हलवतं, घड्याळाचा काटा कोण पुढे सरकवतं, छापायचा कागद कोणाच्या हातून जातो, सगळं त्यांनी टिपून घेतलं आणि एक नकाशाही काढला. कोणी त्यांना अडवलं नाही. केरळच्या गृहस्थांनी तर नकाशातली एक चूक दाखवून दिली. तिसऱ्या दिवशी बोरसे सोनटक्केबाईंना म्हणाले, "सगळं पाहिलं. आता हिचं लिखाण तेवढं दाखवा."

"ते त्यांचं आहे," सोनटक्केबाई म्हणाल्या.

"पत्रकात लिहिलंय, सगळं उघडं."

"आमचं सगळं उघडं, काका. आम्ही काय करतो ते तुम्ही पाहायचं. तुम्ही काय करता ते आम्ही नाही बघत."

"तो कारखानीस बघायचा."

"ते त्याला आणि त्याच्या कंपनीला विचारा."

बोरसे गॅलरीत जाऊन उभे राहिले. माझ्या गॅलरीकडे वळून ते मला म्हणाले, "मला वाटलं होतं, मला दिसेल. आता कोणालाच दिसत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे आजवर ते वाचलेला माणूस जगात एकच राहिला, आणि तो मी नाही."

आठवडाभराने कुमुदिनीबाईंनी तक्रार केली. 'दुसऱ्या' असं लिहायला गेलं की अर्धा र वर उडून य च्या डोक्यावर बसत होता आणि 'दुसर्या' असं उमटत होतं. चार वर्षांचं लिखाण, त्यातल्या सगळ्या दऱ्या, वाऱ्या आणि पायऱ्या बिघडल्या होत्या. सोनटक्केबाईंनी चौकशी केली. त्या अर्ध्या र चं काम वेंगुर्ल्याचे एक मास्तर पाहत. ते मुलीच्या लग्नासाठी गेले ते परत आलेच नाहीत. जागा रिकामी होती.

"मग कोण करणार?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"कोणीही करू शकतं," सोनटक्केबाई म्हणाल्या. "शिकवू आम्ही."

बोरसेंनी हात वर केला.

तीन दिवस त्यांचं शिक्षण चाललं. चौथ्या दिवशी त्यांना टेबलामागे एक बुटकं स्टूल मिळालं. तोंड भिंतीकडे, पाठ पडद्याकडे, दोन्ही बाजूंना चादरी. डाव्या चादरीखालून मालेगावचा माणूस अर्धा र आणि त्याच्यापुढचं अक्षर सरकवी. बोरसेंनी र वर उडण्याआधी धरायचा, आडवा करायचा, पुढच्या अक्षराच्या कुशीत बसवायचा आणि उजव्या चादरीखालून पुढे द्यायचा. मागचं अक्षर त्यांना दिसत नसे. पुढचा शब्दही नाही. फक्त ऱ्य, आणि क्वचित ऱ्ह.

पहिल्या दुपारी तेवीस ऱ्य आले. त्यांचा हात हलका होता, एकही र सुटला नाही. सोनटक्केबाईंनी कौतुक केलं. पण पाच वाजता स्टुलावरून उठले तेव्हा बोरसेंचा चेहरा उतरलेला होता. रात्री ते माझ्याकडे कागद घेऊन आले. त्यावर त्यांनी ऱ्य असलेले सगळे आठवतील ते शब्द लिहिले होते. 'साऱ्या' चालेल, ते म्हणाले. 'पायऱ्या' चालतील. 'दुसऱ्या' हा त्यांना आवडला नव्हता. 'गोऱ्या' या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

"तेवीसपैकी हा किती वेळा असेल?" त्यांनी मला विचारलं.



यानंतर ते रोज दुपारी कामाला जात आणि रोज संध्याकाळी यादी वाढवत. कुमुदिनीबाईंनी त्यांना काही विचारलं नाही, पण टेबलामागे पाण्याचा तांब्या ठेवायला सुरुवात केली. मग एका गुरुवारी ऱ्य फारसे आलेच नाहीत. त्याऐवजी ऱ्ह आले. एकामागून एक अकरा ऱ्ह. बोरसेंना ऱ्ह वरून पहिला शब्द आठवला तो वऱ्हाड. कुमुदिनीबाईंचं कॉलेज अमरावतीला झालं होतं.

त्या रात्री जेवताना काय झालं ते बोरसेंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"अमरावतीला तुझ्या वर्गात कोण कोण होतं?" त्यांनी पहिला घास घेण्याआधीच विचारलं.

"आठवत नाही आता. का हो?"

"आज ऱ्ह आला. अकरा वेळा. वऱ्हाडातला कोण आहे?"

कुमुदिनीबाईंनी भाकरी मोडली. "वऱ्हाडातला कोणी नाही," त्या म्हणाल्या. "तो शब्द 'तऱ्हेवाईक' आहे."

"अकराही वेळा?"

"एकदा कुऱ्हाड होती."

"म्हणजे दहा वेळा," बोरसे म्हणाले. "कोण आहे हा तऱ्हेवाईक?"

कुमुदिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, आणि त्यांच्या ताटात वांग्याची भाजी वाढली. बोरसेंनी दोन भाकरी खाल्ल्या.

हे सांगताना ते माझ्या दारात उभे होते आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. "दहा वेळा," ते म्हणाले. "एका दुपारीत."

मी म्हटलं, तसे कारखानीसही तऱ्हेवाईकच होते.

जिन्यातून कोणीतरी वर गेलं, बोरसेंनी त्याला वाट दिली.

"नाही," ते म्हणाले. "कारखानीस अगदी सरळ माणूस होता. नऊ वर्षं होता आमच्याकडे, एक दिवस वावगं वागला नाही. तऱ्हेवाईक वगैरे अजिबात नाही. हे मी कोणालाही लिहून देईन."

अडीच वाजले होते. आज लवकर बसतो, असं म्हणून ते कामावर गेले.