तेल उत्तम आहे

एका जंगलात, मुलांनो, नदी होती खाली आणि तळं होतं वर टेकाडावर. नदीचं पाणी तळ्यात चढवायला एक डिझेल इंजिन होतं. ते चालवायचा दौलू नावाचा गवा.

दौलू दर अमावास्येला इंजिनाचं ऑइल बदलायचा. का, ते त्याला ठाऊक नव्हतं. बाप तसं करायचा, एवढंच.

एकदा शहरात शिकून आलेला अवधूत बगळा तिथं उतरला.

"अरे अरे! चांगलं तेल काढून टाकतोस?"

"काळं पडलंय, बगळेसाहेब."

"रंगावर जाऊ नकोस. तेलात लोखंडाचा कीस किती, पाणी शिरलंय का, ते पातळ झालंय का, हे तपासायचं. मग ठरवायचं."

बगळ्यानं एक छोटी बाटली भरून नेली. अहवाल आला: तेल उत्तम, आणखी महिनाभर चालेल. आणि खरंच चाललं! दौलूला बापाच्या अडाणीपणाची लाज वाटली.

बातमी सिंहमहाराजांपर्यंत गेली. महाराज म्हणाले, "एकदा तपासून एवढा फायदा, तर रोज तपासा!"

मग रोज एक बाटली भरू लागली. बगळ्याची तपासणी बरोबर आहे का, हे तपासायला तरसाला नेमलं. त्याची दुसरी बाटली. तरसावर कुणाचाच विश्वास नव्हता, म्हणून मगरीची तिसरी.

आठव्या दिवशी दौलूनं तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. टोक जेमतेम ओलं होतं. आदल्या दिवसापासून इंजिन खरखरत होतं.

"साहेब, थोडं नवं तेल घालू का?"

"खबरदार!" बगळा ओरडला. "नवं मिसळलं की जुन्याचं खरं वय कसं कळणार?"

"पण आत तेलच उरलं नाही हो!"

"उरलंय ते उत्तम आहे ना?"

अहवाल वाचता येत नाही, तर वाद कसा घालणार? त्यानं मान खाली घालून हँडल मारलं.

दहाव्या दिवशी इंजिन किंचाळलं आणि पिस्टन आतच अडकून बसला. चार दिवसांत तळं आटलं. हरणांची पाडसं चिखल चाटू लागली.

दरबार भरला. तिन्ही अहवाल मोठ्यानं वाचले गेले. तिन्हींत एकच वाक्य होतं: तेल उत्तम आहे.

"मग इंजिन मोडलं कसं?" महाराज गरजले.

"महाराज, तेल बाटल्यांत होतं," दौलू म्हणाला. "इंजिनात नव्हतं."

"असं कुठल्या अहवालात लिहिलंय?"

कुठल्याच अहवालात नव्हतं. बगळ्याला शाल मिळाली. दौलूला पाणी ओढायला मोटेला जुंपलं.

तिसऱ्या दिवशी ओढून ओढून दौलू थकला. तो विसाव्याला थांबला, तेवढ्यात बगळा शाल सावरत आला. हातात रिकामी बाटली होती.

"दौलू, जरा मान इकडे कर. थोडं रक्त काढतो. विसाव्याशिवाय तू आणखी किती दिवस चालशील, ते बघू."

तात्पर्य: इंजिन बंद पडलं तरी चालतं, अहवाल बंद पडता कामा नये.