नव्या जोडीची नोंद

लग्न काय, कुणीही करतं! मांडववाला असतो, वाजंत्री असतात, नवरदेवानं फक्त घोड्यावरून पडायचं नसतं. खरं डोकं लागतं ते लग्नानंतर. गॅस, बँक, रेशनकार्ड, विवाह नोंदणी! आणि असल्या कामांत अख्ख्या वडवणी तालुक्यात माझा हात धरणारा माणूस नाही, असं माझं ठाम मत होतं. मी सहकारी दूध संघात नोकरीला. त्या साली दुष्काळ असा, की संघात दूध कमी आणि माणसं जास्त. त्यामुळे लोकांना सल्ले द्यायला मला भरपूर सवड असायची.

माझी बायको वत्सला चौसाळ्याच्या दवाखान्यात नर्स. उन्हाळ्यात लग्न झालं, आणि तेव्हापासून आमचा संसार म्हणजे रविवारी बीडच्या स्टँडवर घेतलेला चहा! नवरा-बायकोला एका ठिकाणी आणणारी बदली मिळत होती, पण अर्जाला विवाह नोंदणीचा दाखला हवा. तो वेळेत नाही जोडला, तर आणखी एक वर्ष स्टँडवरचा चहा! मला आता तो कप नुसता बघितला तरी रडू यायचं.

"तू काळजीच करू नको," मी तिला म्हणालो. "नुसती माझ्या शेजारी हुबी ऱ्हा. बोलणं माझ्याकडं!"

दाखला देणारे ग्रामसेवक गावात नवीनच आले होते. पण ते सदा टँकरमागं, त्यामुळे निम्म्या गावानं त्यांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मीही नाही. ग्रामपंचायतीत गेलो, तर ओट्यावर टेबल टाकून एक धिप्पाड गृहस्थ बसलेले. समोर नवरा-बायकोंची रांग! मी वत्सलाला कोपरानं ढोसलं. "बघ, कसं झपाझप चाललंय काम! मान्सं लग्न करून थेट हितंच आल्यात!"

आमची पाळी आली.

"जोडी का?"

"जोडीच!"

"नवी का जुनी?"

"नवी कोरी!"

"आदी कुठं गेलतात का?"

साहेब भलतेच मोकळे निघाले! मी जरा लाजलो. "न्हाई हो. दुष्काळात कुठं जाणार? राहिलंच ते."

"मग यंदा जाणार न्हवं?"

"लई विच्छा हाय!"

"कोल्हापूर चालंल?"

मी गारच पडलो. अहो, नोंदणी केली की सरकार कोल्हापूरला पाठवतंय! "चालंल काय, पळंल! अंबाबाईचं दर्शन बी हुईल!"

"सवड घावली तर घ्या दर्शन. गाडी आमची. आन् गेल्या गेल्या कोपी हाय."

"कॉफी बी? मंग तर लईच बेस!"

साहेबांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. "उचल आता घेता का मागून?"

"मागून उचलू की! सामान काय लई न्हाई आमचं!"

शेजारी वत्सला पदरात तोंड घालून गदगदत होती. लाजली बिचारी! येताना मात्र "तुमी व्हा म्होरं, आलेच मी" म्हणून ती मागं राहिली.

मी गावभर सांगितलं. आईनं, म्हणजे केशरबाईंनी, शंकरपाळे तळायला घेतले. दुसऱ्या दिवशी वत्सला एका किरकोळ अंगाच्या साहेबांना घरी घेऊन आली. धुळीनं माखलेले, म्हणजे टँकरवालेच असणार! मी त्यांना पाणी कसं वाटावं यावर भाषण ठोकलं आणि त्यांनी पुढं केलेल्या कागदावर तक्रारीची म्हणून झोकात सही केली. वाचतोय कोण!

दसरा झाला. अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला आणि त्याच सकाळी दारात ट्रक! वर पत्रे, बांबू, शेळ्या, कोंबड्या, लेकरं आणि माणसं. मी सफारी घालून, गॉगल लावून तयारच होतो. धिप्पाड साहेब खाली उतरले.

"चला, नवी जोडी! कोयता घेतला का?"

"कोयता? अंबाबाईला खण-नारळ नेत्यात हो!"

अख्खा ट्रक हसला. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. हे साहेब नव्हते, शहादेव मुकादम होते! कॉफी म्हणजे उसाच्या फडावरची कोपी, पाचटाची झोपडी! आणि उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे!

"मंग माझा दाखला?"

मी मटकन बॅगेवर बसलो. आत शंकरपाळ्यांचा चुरा झाला. "वत्सले, माझ्यापायी गेलं गं आपलं वरीस!" मी भरल्या डोळ्यांनी म्हणालो. गॉगल होता म्हणून बरं.

"उठा," वत्सला म्हणाली. "दाखला परवाच आला. अर्ज बी पोचलाय."

"आँ? आन् माझी सही?"

"टँकरवाल्याला भाषण देऊन ठोकलीत की! त्येच आपले ग्रामसेवक. टँकरपाशी गाठलं त्यांना. साक्षीदार बी मीच गोळा केले."

"मंग मला कावून सांगितलं न्हाईस?"

"भरल्या रांगेत नवऱ्याला आडवं कसं बोलू? आन् घरी आले तर तुमी माझ्या पायाचं माप घेत बसलतात, कोल्हापुरी चपलांसाठी! जीवच झाला न्हाई."

"मला तवाच सांगितलतं बाईंनी," मुकादम म्हणाले. "वाटंवरच गाव, म्हटलं सायबाची हौस बघत जावं!" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाई एकल्याच पुरा कोयता हायती. तुमी अर्धा बी भरना!"

तोवर वत्सला ट्रकवर चढलीसुद्धा. एका गरोदर बाईची नाडी बघितली, तिला गोळ्या दिल्या, तिकडच्या दवाखान्यात कुणाला भेटायचं ते समजावलं, आणि शंकरपाळ्यांचा चुरा लेकरांच्या ओंजळीत ओतला. मी खाली उभा राहून बघत होतो. एवढी हुशार बाई मला मिळाली कशी, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. तिलाही नसावा!

बदली झाली. वत्सला वडवणीला आली. संक्रांतीला बायकांनी तिला नाव घ्यायचा आग्रह केला, आणि तिनं एका दमात घेतलं:

"टँकरमागं धावतंय हंडे घेऊन गाव,
कॉफी प्यायला निघालेल्या उत्तरेश्वररावांचं घेते नाव!"

बायका हसून हसून लोळायला लागल्या. आणि मी नेमका त्याच वेळी ट्रे घेऊन दारात उभा!

चहाच होता हो. शप्पथ!