लवूच्या अंगातली कोरियन

रजेवर आलेला लवू चार दिवस गोठ्यात बसून म्हशीशी कोरियन बोलत होता, आणि हे घरात कुणाला कळलं तर काय, या भीतीनं त्याचा जीव टांगणीला लागला होता.

भानगड अशी. लवू पलटणीच्या इस्पितळात जखमा बांधायच्या कामावर होता. त्रेपन्न साली कोरियातली लढाई थांबली, तिथले कैदी सांभाळायला आपली माणसं निघाली आणि त्यात लवूचं नाव लागलं. सुभेदारसाहेबांनी एक चोपडी हातात दिली आणि बजावलं, "ज्याला त्यांच्या भाषेत दोन शब्द जोडता येतील तो इस्पितळाच्या तंबूत. बाकीचे बंदूक घेऊन काटेरी तारेवर. रजेवरून आलास की परीक्षा घेईन." बंदुकीचं नाव काढलं की लवू मागच्या रांगेत सरकायचा. रक्ताला तो भ्यायचा नाही, पण रक्त काढायचं म्हटलं की संपलं! आणि आईला तर त्यानं कोरियातला 'को'सुद्धा सांगितला नव्हता. "आये, बदली पुण्याक झाली," एवढंच सांगून तो मोकळा झाला होता.

म्हणून गोठा. सुटे शब्द त्याला येत होते. मुल म्हणजे पाणी, पाप म्हणजे भात. घोडं अडत होतं ते जोडण्यापाशी. दोन वस्तूंच्या मध्ये 'हागो' घालायचं. आता हा शब्द भल्या घरात मोठ्यानं म्हणायची सोय आहे का, तुम्हीच सांगा! दोन वाक्यांच्या मध्ये 'कुरिगो'. आणि 'सुद्धा' म्हणायचं असलं तर शब्दाच्या शेपटीला 'दो'. लवू डोळे मिटून पुढेमागे डोलत पुटपुटायचा, "मुल हागो पाप... कुरिगो... मुल-दो, पाप-दो..."

पाचव्या दिवशी शेजारची काशीबाई शेण न्यायला गोठ्यात आली. दारातच तिनं हे ऐकलं, हातातली पाटी टाकली आणि थेट स्वयंपाकघर गाठलं.

"गो जानके, तुझ्या झिलाक कोणीतरी धरल्यान गो!"

"कोणी?" लवूची आई जानकी चुलीपासून उठली.

"माका काय ठावक! म्हशीकडे बघून डोलता आणि दो दो करून कायतरी मागता. गावातला भूत नाय तां. आपली भुता मालवणीत बोलतत."

जानकी गोठ्यात पोचली तेव्हा लवूनं चोपडी घाईघाईनं पेंढ्यात खुपसली.

"काय बोलत होतंस रे?"

खरं सांगावं तर कोरिया बाहेर पडणार. लवूनं म्हशीकडे पाहिलं. "माका... माका ठावक नाय, आये."

झालं! आपण काय बोललो ते आपल्यालाच ठाऊक नाही म्हणणारा माणूस म्हणजे पुरता झपाटलेला. दिवस मावळायच्या आत बाबली घाडी पडवीत हजर झाला. गावातली भुतंखेतं उतरवण्याचं काम त्याच्याकडे. त्याच्यामागून दहा-बारा शेजारीपाजारी आले. बाबलीनं निखाऱ्यावर सुक्या मिरच्या टाकल्या आणि लवूच्या नाकाशी धुरी धरली.

"कोण तू? खंयसून इलंस?"

लवूचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. ठसक्यानं मराठी, मालवणी सगळी पळाली आणि जिभेवर जे ताजं होतं तेच बाहेर पडलं. "मुल! मुल!"

बिचारा पाणी मागत होता. बाबली दोन पावलं मागे सरला. "दर्यापारचा आसा ह्या," तो गंभीरपणे म्हणाला. "गाऱ्हाणा घालूक होया."

सगळे हात जोडून उभे राहिले. बाबलीनं खडा सूर लावला. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्या लेकराक जी काय बाधा झाली आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ती तुझ्या पायाखाली दाबून ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि हो लवू आजपासून चाळीस दिस गावची शीव ओलांडूचो नाय..."

"व्हय म्हाराजा!"

या शेवटच्या होकारात सगळ्यात मोठा आवाज लवूचा होता! त्याचा तरी काय दोष? लहानपणापासून गाऱ्हाण्यात बाबली थांबला की तोंड आपोआप उघडायची सवय. शब्द सुटला आणि मग अर्थ डोक्यात शिरला. रजा उरली होती सहा दिवस. हजर झाला नाही तर पलटण पळपुटा म्हणून धरून नेणार. गेला तर रवळनाथाला दिलेला शब्द मोडणार, आणि पुढे गावात कुणाची म्हैस आटली तरी लोक लवूलाच धरणार. त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी तो जानकीसमोर जाऊन बसला.

"आये, माका भूतबीत लागूक नाय. माका कोरियाक जावचा आसा. नाय गेलंय तर तुरुंगात घालतले. आणि जावचा म्हटला तरी भिया वाटता. माका खूप भिया वाटता गो."

जानकीनं तव्यावरची भाकरी परतली. "माका ठावक आसा."

"काय?"

"कोरिया. पलटणीचो कागद तुझ्या आधी इलो. शाळेतल्या आग्नेल मास्तरान वाचून दाखवल्यान. पाच दिस वाट बघलंय, माझो झील आपल्या तोंडान सांगतलो म्हणान. तू म्हशीक सांगलंस, माका नाय."

लवूला वर बघवेना. "मगे घाडी कशाक बोलावलंस?"

"काशीबाईन भुताचा नाव काढल्यान, तां माका बराच झाला. चाळीस दिसाचा बाबलीच्या कानात मीच सांगलंय. तोपर्यंत तुमची बोट निघान जायत, असा वाटला. तुरुंगाचा माका कोणी सांगूक नाय." तिनं करपलेली भाकरी खाली काढली. "भिया काय तुका एकट्याकच वाटता?"



"आता देवाक काय सांगूचा?" लवूनं विचारलं.

"देवाक मी बघून घेतंय. शब्द माझो, मीच परत घेतलंय. तू ती चोपडी हाड."

लवू चोपडी आणायला गेला, पण पेंढ्यातून ती निघाली अर्धीच. सातव्या धड्यापुढचं म्हशीनं खाल्लं होतं.

"'माका भिया वाटता' कसा म्हणतत?" जानकीनं विचारलं.

"तो धडो म्हशीच्या पोटात गेलो."

"मगे तुका येता तरी काय?"

"पाणी, भात, औषध. मी, आवस, आसा. आणि ह्यां सगळां जोडूचा."

जानकीनं ती अर्धी चोपडी मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "त्या तारेआडच्या पोरांकाय भिया वाटत आसतला. तेंका पयला ह्यां सांग. तुका आवस आसा, आणि माकाय आवस आसा. येता?"

लवूनं 'मी', 'आई', 'आहे' हे शब्द बोटांवर मांडले, पुसले, पुन्हा मांडले. "ऑमोनी इस्सॉयो. कुरिगो... ना-दो ऑमोनी इस्सॉयो."

"मोठ्यान म्हण. पुटपुटान कोणाक कळता?"

लवूनं छाती भरून घेतली आणि घर दणाणेल असं म्हटलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून काशीबाईचा घाबरा आवाज आला, "जानके, अजून जावक नाय गो तां भूत!"

"जाता गो!" जानकी तिथूनच ओरडली. "शनवारच्या कणकवलीच्या गाडयेन जाता!" आणि इतके दिवस धरून ठेवलेलं रडू तिनं एकदाचं मोकळं केलं.