एक दिवस आधी, अगदी वेळेवर

बस स्थानकाच्या कंट्रोलरने मित्रांच्या सहलीचं वेळापत्रक केलं, ते नऊ पानांचं झालं. तो धरून तिघे मित्र, त्यांतल्या शिंप्याची जुनी गाडी आणि खेड्यापाड्यांच्या रस्त्यावर तीन मुक्काम, एवढाच काय तो मामला. पण मिनिटं लिहिल्याशिवाय त्याचं पान भरत नसे. सहाला प्रस्थान. सात वीसला चहा, अकरा मिनिटं. आठ पाचला झाडामागे जाणे, चार मिनिटं. शिंप्याने हे वाचून, चार मिनिटांत नाही झालं तर काय करायचं, असं विचारलं. नऊ चाळीसला पुन्हा सोय ठेवली आहे, असं कंट्रोलरने गंभीरपणे सांगितलं.

या खेपेला काही चुकून चालणार नव्हतं. तीस वर्षं ही सहल ठरत होती आणि तीस वर्षं कुठे ना कुठे घोडं अडत होतं. आता तिघांतल्या चष्मेवाल्याने आपलं चष्म्यांचं दुकान विकलं होतं. रविवारी रात्रीच्या बसने तो लेकीकडे चालला होता, तो कायमचाच. म्हणजे गुरुवारी निघायचं, रविवारी दुपारी परतायचं आणि रात्री त्याला बसमध्ये बसवायचं. चष्मेवाल्याने मागितलं होतं एकच. तिसरा मुक्काम तळ्याकाठच्या घरात हवा.

"सकाळी उठून लांबवर बघायचंय," तो म्हणाला होता. "जन्मभर हातभर अंतरावरचे डोळे बघितले. एक काच घालायची, विचारायचं, आता दिसतंय? दुसरी घालायची, विचारायचं, आता दिसतंय? कंटाळा आला."

कंट्रोलरने ते मनावर घेतलं. दुसऱ्यावर काम सोपवलं की त्याच्या जिवाला घोर लागे, म्हणून तिन्ही ठिकाणचे फोन त्याने स्वतः केले. चष्मेवाल्याचं बसचं तिकीटही स्वतःच्या स्थानकावरून स्वतः उभं राहून काढून आणलं. सव्वीस वर्षं त्याने गाड्यांची रजिस्टरं भरली होती. त्यातही मुक्कामी गाड्यांचं रजिस्टर त्याचं खास. संध्याकाळी खेड्यात जाऊन थांबणारी गाडी त्यात दुसऱ्या दिवसाच्या पानावर लिहायची असते, कारण ड्रायव्हरची खरी ड्युटी सकाळी तिथून सुटण्यापासून मोजतात. हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की याने लग्नाची रात्रसुद्धा दुसऱ्या दिवसात धरली असेल, असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

गुरुवारी गाडी सहा दहाला निघाली. शिंप्याला चष्मा सापडत नव्हता आणि चष्मेवाल्याच्या मते तो त्याच्या कपाळावरच होता. ही दहा मिनिटं कंट्रोलरने लगेच कागदाच्या कडेला टिपून ठेवली. तो पुढच्या सीटवर वेळापत्रक मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याचा उजवा पाय नसलेला ॲक्सिलरेटर दाबत होता. चहाची अकरा मिनिटं त्याने सहावर आणली. चहा कढत होता, चष्मेवाल्याने जीभ भाजून घेतली आणि अर्धा पेला तिथेच ठेवून तो गाडीत येऊन बसला.

मग रस्त्यात मेंढ्या आल्या. दोनशे तरी असतील आणि त्यांना कुठेही पोचायची घाई नव्हती. कंट्रोलर खाली उतरला, सवयीने हात वर करून त्यांना बाजूला घेऊ लागला. बसगाड्या ऐकतात तशा मेंढ्या ऐकत नाहीत. त्याच्यामागे चार मेंढ्या लागल्या, त्यांच्यामागे बाकीच्या, आणि जो कळप रस्ता ओलांडून जाणार होता तो रस्त्याने चालू लागला. मेंढपाळाने काहीही न बोलता कंट्रोलरला दंडाला धरून शेतात नेऊन उभं केलं, तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला. यात चोवीस मिनिटं गेली.

आता एकूण उशीर एकोणतीस मिनिटांचा झाला. तो भरून काढायला कंट्रोलरने टेकडीवरचा जुना बुरूज रद्द केला. तरीही पाच मिनिटांचा उशीर उरला म्हणून दुपारचं जेवण चालत्या गाडीत उरकायला लावलं. शिंप्याने एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने अंडं सोललं आणि टरफलं सगळी शर्टात पाडली. तीनच्या सुमाराला पुलाखाली नदी दिसली. पाणी इतकं स्वच्छ, की तळातले गोटे मोजावेत. चष्मेवाल्याने दार उघडायला हातसुद्धा घातला होता.

"पाय बुडवून येतो रे. पाचच मिनिटं."

"पाच म्हणता म्हणता वीस होतात," कंट्रोलर म्हणाला. "मुक्कामाला पाच चाळीसला पोचायचंय. परत कधीतरी."

परत कधीतरी म्हणजे कधी, हे कुणी विचारलं नाही. चष्मेवाल्याने हात काढून घेतला. कंट्रोलरला वाईट वाटलं. पण वाईट वाटायला वेळापत्रकात जागा नव्हती, म्हणून तो पुन्हा घड्याळाकडे बघू लागला.

पहिल्या मुक्कामाच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा पाच चाळीस झाले होते. एकोणचाळीस नाही, एक्केचाळीस नाही. कंट्रोलरने घड्याळ दोघांसमोर धरलं. दिवसभरात पहिल्यांदा त्याचा उजवा पाय स्थिर झाला.

मालकीणबाई हात पुसत बाहेर आल्या, तिघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही उद्या येणार होतात ना?"

कंट्रोलरने हसून फोनची आठवण करून दिली. बाईंनी वही आणून दाखवली. वहीत त्यानेच सांगितलेलं शब्दशः उतरलं होतं: मुक्काम, शुक्रवार. आणि आज गुरुवार होता. दोन्ही खोल्यांत जमीन मोजणारे लोक उतरले होते आणि त्यांचे चिखलाचे बूट दारात ओळीने उभे होते.

कंट्रोलर त्या वहीकडे बघत राहिला. मग त्याला कळलं. गुरुवारची रात्र त्याने रजिस्टरातल्यासारखी शुक्रवारच्या पानावर लिहिली होती. त्याने धावत जाऊन दुसऱ्या मुक्कामी फोन लावला. तिथे शुक्रवारी जागा नव्हती, त्यांची खोली शनिवारी होती. तळ्याकाठच्या घरी लावला. तिथे शनिवारी लग्नाचं वऱ्हाड उतरणार होतं. तुमचं रविवारी आहे, या सावकाश, असं तिकडचा माणूस फार प्रेमाने म्हणाला.

रविवारी तर चष्मेवाल्याची बस होती.

कंट्रोलर गाडीच्या बॉनेटवर नऊ पानं पसरून बसला. खोडरबर झिजलं, पण तिसरा मुक्काम काही रविवारच्या आत येईना. मालकीणबाईंनी गोठ्यावरच्या माळ्यावर गवतात झोपायची सोय करून दिली. शिंपी वर जाऊन झोपून बघून आला आणि घरच्या गादीपेक्षा बरं आहे म्हणाला. कंट्रोलर जागचा हलला नाही. चष्मेवाला शेजारी येऊन उभा राहिला, तेव्हा त्याने खोडरबर खाली ठेवलं.

"एकच गोष्ट मागितली होतीस तू," कंट्रोलर म्हणाला. "तीही घालवली मी. नदीत पायसुद्धा बुडवू दिले नाहीत."

चष्मेवाल्याने शर्टाच्या खिशातून बसचं तिकीट काढलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. कंट्रोलरने ते आपणच काढलंय, पाठ आहे, असं सांगून तोंड फिरवलं. चष्मेवाल्याने स्वतःचा चष्मा काढून त्याच्या नाकावर बसवला.

"वाच. आता दिसतंय?"

रात्री साडेनऊ. वार सोमवार.

कंट्रोलरने तिकीट उलटंसुलटं केलं. रविवारी रात्री निघून सोमवारी पोचणारी बसही त्याने सोमवारच्याच पानावर लिहिली होती. म्हणजे सगळंच एका दिवसाने पुढे गेलं होतं, मुक्कामही आणि निरोपही. तळ्याकाठची रविवारची रात्र अगदी जिथल्या तिथे बसत होती.

"तुला माहीत होतं?"

"तिकिटाचं माहीत होतं, तू दिलंस त्याच दिवसापासून. लेकीलाही मंगळवारी पोचतो म्हणून कळवलंय. खोल्यांचं आत्ता कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर बदलून आणलं असतंस," चष्मेवाला म्हणाला. "एक दिवस फुकटचा मिळत होता रे, तुमच्यात राहायला. कशाला परत करू?"

कंट्रोलरने चष्मा पुसला, खरं म्हणजे ओला त्यानेच केला होता, आणि परत दिला. माळ्यावरून शिंप्याने विचारलं, की मग उद्याचा अख्खा दिवस करायचं काय. उद्याच्या दिवसाचं पानच नव्हतं. कंट्रोलरने नवव्या पानाची मागची कोरी बाजू वर घेतली, पेन्सिलीने लिहिलं, 'नदी', आणि वेळेच्या रकान्याशी येऊन थांबला.

"सकाळी लिही," चष्मेवाला म्हणाला.

त्याने 'सकाळी' लिहिलं. सव्वीस वर्षांत त्याच्या वेळेच्या रकान्यात पहिल्यांदाच एकही आकडा नव्हता. कागद घडी करून त्याने खिशात ठेवला. दोघे माळ्याच्या शिडीपाशी आले. दोन पायऱ्या चढून कंट्रोलर थांबला, त्याचा उजवा पाय पुन्हा हलायला लागला होता.

"सकाळी म्हणजे," त्याने हळूच विचारलं, "साधारण किती?"